हसू कोणाच्या नावे?

चार-पाच वर्षांच्या मुलाला नवी गोष्ट फारशी नको असते. कालचीच गोष्ट त्याला आज पुन्हा हवी असते, आणि तीही त्याच शब्दांत. परंतु त्याच गोष्टीत सांगणाऱ्याने जाणूनबुजून एक चूक केली, चिमणीचे घर शेणाचे आणि कावळ्याचे घर मेणाचे असे सांगितले, की अंथरुणावर आडवे झालेले मूल उठून बसते. “नाही, नाही! कावळ्याचं शेणाचं!” असे ओरडते आणि पोट धरून हसते. दिवसभर घरातील प्रत्येकजण ज्याच्या चुका काढीत असतो, त्याला मोठ्या माणसाची चूक पकडण्याची एवढी एकच जागा सापडलेली असते.

दोन वर्षांचे मूल याच चुकीला हसत नाही, कारण मूळ गोष्ट त्याला अजून पाठ झालेली नसते. व्यापारी घरातील भाषेत सांगायचे तर ज्याने कीर्द वाचली आहे, त्यालाच खतावणीतील चूक दिसते. म्हणून जुन्या गोष्टी विनोदाने पुन्हा सांगणे म्हणजे त्या मोडीत काढणे नव्हे. मूळ गोष्ट मुलाच्या मनात पक्की झाली आहे की नाही, याची ती एक परीक्षाच असते.

खानदेशातील एका बाजारगावात, खाली भुसार मालाचे दुकान आणि वर तीन भावांचे एकत्र बिऱ्हाड अशा एका घरात ही परीक्षा रोज होत असे. सूर्यास्तापूर्वीची जेवणे उरकली, दुकानातील दिवसाचा मेळ लागला, की दादींच्या खोलीत पाच नातवंडे जमत. दादींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु बाजारातील बोलणे, प्रवचनातील दृष्टांत आणि शेजारणींकडून ऐकलेल्या मराठी गोष्टी या तिन्हींचा साठा त्यांच्याजवळ भरपूर होता. लेकीकडून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीला त्यांच्या गोष्टीत वाघ अडवी, तेव्हा तो आधी भोपळ्याचा भाव विचारी. भाव अजून उघडला नाही, पुढच्या गावी ये, असे म्हातारी आतून सांगे. वाघ घासाघीस करी, कोल्हा मध्ये पडून दलाली मागे, अस्वल वजनकाटा कोठे आहे अशी चौकशी करी. आणि या व्यवहाराच्या गोंधळात भोपळा उतारावरून गडगडत निघून जाई. मुलांचे वडील जिन्यात उभे राहून ऐकत आणि कोल्ह्याची दलाली शेवटी किती टक्के ठरली, असे हळूच विचारीत.

एका चातुर्मासात मात्र या गोष्टींना खंड पडला. स्थानकात सत्यव्रतावर प्रवचने चालू होती. क्रोध, लोभ, भय आणि हास्य यांच्या आहारी गेलेल्या माणसाच्या तोंडून असत्य निघते. म्हणून या चारांचा त्याग आणि विचारपूर्वक बोलणे अशा सत्यव्रताच्या पाच भावना तत्त्वार्थसूत्रात सांगितल्या आहेत, हे दादींनी ऐकले. हास्याची गणना नऊ नोकषायांत होते, हेही ऐकले. पुढे अनर्थदंड-विरमण व्रताच्या अतिचारांत ‘कौत्कुच्य’ हा शब्द आला. हलक्या थट्टेला अंगविक्षेपांची जोड देणे, असा त्याचा अर्थ सांगण्यात आला. वाघाचा आवाज काढणाऱ्या आणि अस्वलासारखे डुलून दाखवणाऱ्या आजीला हा शब्द ऐकून अस्वस्थ वाटले, यात नवल नाही. त्या रात्री दादींनी म्हातारीची गोष्ट अगदी सरळ सांगितली. वाघ आला, वाघाने विचारले, भोपळा पुढे गेला. गोष्ट संपल्यावर सर्वांत धाकट्या नातवाने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि विचारले, “दादी, तुला ताप आलाय का?”

हा पेच त्या एका घरापुरता नाही. ज्या परंपरेने हास्यावर इतकी बारीक नजर ठेवली, तिनेच हसवणाऱ्या कथाही शतकानुशतके जपल्या आहेत. आठव्या शतकातील आचार्य हरिभद्रांनी प्राकृतात ‘धूर्ताख्यान’ रचले. त्यात धूर्तांचे म्होरके जमून एकाहून एक अशक्य थापा सांगतात, आणि थाप नाकारील त्याने सर्वांना जेवण घालावे अशी अट असते. शेवटी खंडपाना नावाची चतुर स्त्री साऱ्यांवर मात करते. जैन मुनी पूर्णभद्र यांनी मंत्री सोम यांच्या सांगण्यावरून इ. स. ११९९ मध्ये पंचतंत्राची एक विस्तृत आवृत्ती सिद्ध केली. दिवाळीच्या वहीपूजनात गौतमस्वामींच्या लब्धीसोबत अभयकुमाराची बुद्धी मागण्याची रीत अनेक व्यापारी घरांत आजही आहे. आणि ही बुद्धी म्हणजे काय ते मुलांना कळते, ते कथांमधूनच. अशा बुद्धीच्या कथांत रोहकाची कथा मुलांना विशेष जवळची वाटते, कारण रोहक स्वतःच मूल आहे. नंदीसूत्रात बुद्धीचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी औत्पत्तिकी, म्हणजे आयत्या वेळी सुचणाऱ्या बुद्धीचे उदाहरण म्हणून टीकाकारांनी ही कथा दिली आहे. त्याच चातुर्मासात पुढे ही कथा प्रवचनात आली, आणि सामायिकाला बसलेले सारे स्थानक हसले.

उज्जयिनीजवळ नटांचे एक गाव होते. तेथील भरत नावाच्या नटाचा रोहक हा मुलगा. वडिलांसोबत तो नगरी पाहून आला आणि क्षिप्रेच्या वाळूत बसून त्याने साऱ्या उज्जयिनीचा नकाशा काढला. तेवढ्यात घोड्यावरून राजा आला. रोहकाने त्याला थांबवले. इकडून जाऊ नका, हा राजवाडा आहे, परवानगीवाचून आत जाता येत नाही, असे त्याने बजावले. राजालाच राजवाड्यात येण्यास मनाई करणारा असा द्वारपाल राजाने पूर्वी पाहिला नव्हता. त्याच्याजवळ ४९९ मंत्री होते आणि त्या सर्वांवर एक हवा होता. मुलाची परीक्षा पाहावी म्हणून त्याने त्या गावावर एकामागून एक हुकूम धाडले.

पहिल्यांदा एक मेंढा आला. पंधरा दिवसांनी तो परत करा. वजन वाढता कामा नये आणि घटताही कामा नये. गावकरी घाबरले. रोहकाने मेंढ्याला रोज पोटभर चारा घालण्यास सांगितले आणि समोर एक लांडगा बांधून ठेवला. चाऱ्याने चढलेले वजन लांडग्याच्या दर्शनाने उतरे. पंधराव्या दिवशी मेंढा जसाच्या तसा. मग हुकूम आला की वाळूचा दोर वळून पाठवा. रोहकाने कळवले, की आम्ही पडलो नट, आम्हाला नाचणे तेवढे येते. राजभांडारात वाळूचा एखादा जुना दोर असेलच, तो नमुना म्हणून पाठवावा, म्हणजे त्याबरहुकूम माल तयार करता येईल. त्यानंतर गावची गोड्या पाण्याची विहीर राजधानीत पाठवण्याचा हुकूम झाला. रोहकाचे उत्तर तयार होते: आमची विहीर खेडवळ आहे, एकटी प्रवास करण्यास भिते, नगरातील एखादी विहीर सोबतीला पाठवावी, तिच्या मागोमाग ही येईल.

शेवटी एक म्हातारा, आजारी हत्ती गावात पाठवण्यात आला. त्याची खबर रोज द्यायची. पण हत्ती मेला, असे मात्र कोणी म्हणायचे नाही. काही दिवसांत हत्ती मेला. रोहकाच्या सांगण्यावरून गावकरी राजाकडे गेले आणि म्हणाले, महाराज, आज हत्ती उठत नाही, बसत नाही, चारा खात नाही, पाणी पीत नाही, श्वासही घेत नाही. राजाने विचारले, म्हणजे हत्ती मेला की काय? गावकरी म्हणाले, महाराज, असे आपण म्हणता. आम्ही म्हटलेले नाही. मग राजाने रोहकालाच बोलावले, पण उन्हात वा सावलीत येऊ नये, दिवसा वा रात्री येऊ नये, वाहनातून वा पायी येऊ नये, अशा अटी घातल्या. रोहक संध्याकाळच्या संधिप्रकाशात, मेंढ्यावर बसून, डोक्यावर चाळणी धरून राजासमोर हजर झाला.

या कथेत हसू कोणाच्या नावे पडते, हे पाहण्यासारखे आहे. ते पडते सर्वांत बलवान माणसाच्या नावे, आणि तो स्वतःही हसतो. रोहक राजाला उणा शब्द बोलत नाही, कोणाला इजा करीत नाही. राजाने जसे अशक्य मागितले, तसेच तो परत मागतो. उधारी त्याच नाण्यात फेडतो. त्याच्या थट्टेने राजा फसत नाही, उलट त्याचे डोळे उघडतात. सत्यव्रताच्या भावनांत हास्याच्या त्यागासोबत विचारपूर्वक बोलणेही सांगितले आहे. रोहकाचे हसवणे या दुसऱ्या कसोटीवर उतरते. दादींनी मनाशी असाच काही हिशेब केला असावा, कारण त्या रात्री वाघ पुन्हा भाव विचारू लागला.

हास्याच्याच यादीत, नऊ नोकषायांत, भयही आहे. मुलांच्या गोष्टींत ही दोन्ही हातात हात घालून येतात. भुकेलेला वाघ, एकटी मुलगी, बंद दार यांवाचून जुनी गोष्ट उभी राहत नाही. युरोपातील लाल टोपीवाल्या मुलीची कथा फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी १६९७ साली छापली, तेव्हा लांडगा आजीला आणि नातीला खाऊन टाकतो आणि गोष्ट तेथेच संपते. १८१२ साली जर्मनीत ग्रिम बंधूंनी ती छापली, तेव्हा शिकारी येऊन लांडग्याचे पोट कापतो, दोघींना जिवंत बाहेर काढतो आणि लांडग्याच्या पोटात दगड भरले जातात. पुढच्या काळातील कित्येक चित्रपुस्तकांत लांडगा आजीला खातच नाही. आजी नुसती कपाटात लपलेली असते. ज्या त्या काळातील मोठ्या माणसांनी आपल्या मुलांना किती भय सोसेल याचा अंदाज घेतला आणि त्याप्रमाणे गोष्ट बदलली.

त्या घरात हा अंदाज घेण्याचे काम मधल्या सुनेने अंगावर घेतले. पुण्यात शिकलेली ती सून मुलांसाठी इंग्रजी चित्रपुस्तके आणीत असे. पोटात दगड भरणे किंवा कावळ्याच्या शेपटीला तव्याचा चटका देणे अहिंसा मानणाऱ्या घरात हसत हसत कसे सांगायचे, हा तिचा प्रश्न रास्त होता. तिच्या आग्रहावरून दादींनी एकदा वाघालाच निरुपद्रवी केले. वाघ आला, त्याने म्हातारीला जय जिनेंद्र केला, म्हातारी भोपळ्यातून बाहेर आली आणि दोघांनी मिळून खाकरे खाल्ले. मुलांनी शांतपणे ऐकून घेतले. मग मोठ्या नातीने विचारले, “मग ती भोपळ्यात बसलीच कशाला?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी वाघ भूक आणि दात घेऊन परतला. मात्र एक बदल कायम राहिला: दादींच्या गोष्टीत आता कोणीही मरत नसे, कोणाला चटकाही बसत नसे. वाघ उपाशी राही, सौदा हुकला म्हणून डोके खाजवी आणि पुढच्या बाजाराची वाट पाही. गोष्टीतून हिंसा काढता येते. धोका काढला तर गोष्टच उरत नाही. ज्या म्हातारीला कशाचे भय नाही, तिच्या युक्तीचे मोल मुलाला कसे कळावे?

मधल्या सुनेने आणलेल्या पुस्तकांत एक वेगळ्या धाटणीचे होते. अमेरिकेतील लेखक जॉन शेस्का यांनी १९८९ साली तीन डुकरांची प्रसिद्ध गोष्ट लांडग्याच्या तोंडून सांगितली. तुरुंगातून हा लांडगा आपली बाजू मांडतो. आपण घरे पाडायला गेलोच नव्हतो; आजीच्या वाढदिवसाचा केक करायचा होता, वाटीभर साखर मागायला शेजारी गेलो; सर्दी झाली होती, शिंक आली आणि घर पडले, असे त्याचे म्हणणे. यावर मुलांत दोन तट पडले. एक तट म्हणे, लांडगा खोटे बोलतो; दुसरा म्हणे, सर्दी कोणालाही होऊ शकते. पाठशाळेत जाणाऱ्या नातवाने याला अनेकांत म्हणतात असे जाहीर केले. तेव्हा दादींनी एवढेच सांगितले, की दोन्ही बाजू ऐकून घेणे हा अनेकांत खरा, पण ज्याने जे सांगितले ते सारे खरे मानणे हा अनेकांत नव्हे. नाहीतर दुकानात आलेले प्रत्येक गिऱ्हाईक आपले देणे फिटले असेच सांगेल. मुले हसली. परंतु गोष्टीतील वाईट ठरलेल्या पात्रालाही विचारून पाहावे, ही सवय त्यांना लागली. आणि तिचा उपयोग पुढे दादींनाच झाला.

‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमाच्या सातव्या अध्ययनात रोहिणीची कथा आहे. राजगृहातील धन्य सार्थवाहाला चार मुले व चार सुना. आपल्यामागे घर कोण सांभाळील हे पाहण्यासाठी त्याने नातलगांसमक्ष प्रत्येक सुनेला भाताचे पाच दाणे दिले आणि हे जपून ठेवा, मागेन तेव्हा परत द्या, असे सांगितले. उज्झिकेने विचार केला, कोठारात भात भरपूर आहे, मागतील तेव्हा त्यातून पाच दाणे देता येतील. आणि तिने ते टाकून दिले. भोगवतीने सोलून खाल्ले. रक्षिकेने स्वच्छ फडक्यात बांधून रत्नांच्या पेटीत ठेवले, पेटी उशाशी ठेवली आणि रोज तीन वेळा ती पाहू लागली. रोहिणीने ते माहेरच्या माणसांकडून पेरून घेतले. पाचव्या वर्षी सासऱ्याने दाणे मागितले, तेव्हा रोहिणी म्हणाली, गाड्या पाठवा. निकाल असा लागला: उज्झिकेकडे केरवारे, भोगवतीकडे स्वयंपाकघर, रक्षिकेकडे तिजोरी आणि रोहिणीकडे साऱ्या घराचा कारभार.

व्यापारी घरांत ही कथा फार लाडकी आहे, आणि तिला हसवण्याजोगी करणे सोपेही आहे. दादींच्या गोष्टीत उज्झिका दाणे खिडकीतून फेकी, चिमणी ते टिपून आभार मानी, आणि जन्मभर झाडू मारताना उज्झिका कोपऱ्याकोपऱ्यात ते पाच दाणे शोधीत राही. मुलांना हा शोध फार आवडे. त्या घरातील थोरली सून लहान खेड्यातून आलेली, थोडी विसराळू; किल्ल्या, पावत्या, डब्यांची झाकणे तिच्या हातून हरवत. एका संध्याकाळी सर्वांत धाकटा नातू टाळी वाजवून ओरडला, “उज्झिका म्हणजे आपली मोठी काकी!” सारी खोली हसली. जिन्यातील पुरुषही हसले. काकी तेथेच कपड्यांच्या घड्या घालीत बसली होती. तीही हसली, उरलेल्या घड्या घातल्या आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी ती ओसरी झाडीत असताना मुलांनी तिला ‘उज्झिकाकाकी’ अशी हाक मारली. तिसऱ्या दिवशी गोष्टीच्या वेळी ती खोलीत आली नाही. चौथ्या दिवशीही नाही.

कोणी कोणाला काही बोलले नव्हते. भांडण झाले नव्हते, त्यामुळे ते मिटवण्याचीही सोय नव्हती. परंतु एकत्र कुटुंबात खोलीतील एक रिकामी जागा किती मोठी असते, हे दादी जाणत होत्या. त्यांनी मुलांना रागावून पाहिले नाही. रागावले असते तर ते नाव आणखी पक्के झाले असते. त्यांनी स्थानकातून आगमाचे हिंदी भाषांतर मागवले आणि मोठ्या नातीकडून हे अध्ययन मोठ्याने वाचून घेतले. त्यात दोन गोष्टी अशा निघाल्या, ज्या हसण्याच्या भरात गळून गेल्या होत्या. पहिली ही, की पाच दाणे म्हणजे पाच महाव्रते. ही कथा व्रत घेऊन ते टाकणाऱ्या आणि व्रत वाढवणाऱ्या साधकांसाठी आहे, कोणत्या सुनेला केरसुणी द्यावी हे ठरवण्यासाठी नाही. दुसरी ही, की उज्झिकेने कोठारातून आणलेले पाच दाणे समोर ठेवले, तेव्हा सासऱ्याने शपथ घालून विचारले, हे तेच दाणे आहेत काय? आणि तिने सांगितले, ते नाहीत, हे दुसरे आहेत. भोगवतीनेही आपण दाणे खाल्ल्याचे लपवले नाही. पाच वर्षांनी, साऱ्या नातलगांसमोर, त्या घरातील एकही सून खोटे बोलली नाही.

त्या रात्री गोष्ट पुन्हा झाली. या खेपेस दादींनी हसू धन्य शेठच्या नावे टाकले. केवढा मोठा सार्थवाह! देशोदेशी तांडे नेणारा! आणि व्यवहार पाहा: पाच दाण्यांची ठेव, ना चिठ्ठी, ना मुदत, ना व्याज. दाणे पेरा असे एक अक्षर बोलला नाही, आणि पाच वर्षांनी एके दिवशी सकाळी वसुलीला हजर! बिचारी रक्षिका रोज तीन वेळा पेटी उघडून मोजते आहे: एक, दोन, तीन, चार, पाच, शिल्लक बरोबर, पेटी बंद. मुले लोळून हसू लागली. मग लांडग्याच्या पुस्तकाची सवय झालेल्या नातीने विचारले, उज्झिकेचे म्हणणे काय होते? दादी म्हणाल्या, ते मला कसे ठाऊक असणार?

दाराआडून काकीचा आवाज आला. “पाच दाणे पाच दाण्यांसारखेच. धान्याला काय नाव असतं? वखारीतलं पोतं कोणी ओळखून परत मागतं का? त्याच प्रतीचं दिलं की देणं फिटलं.”

जिन्यात धाकटे दीर उभे होते. ते म्हणाले, “वहिनी, उसने असते तर चालले असते. ही ठेव होती. ठेव जशीच्या तशी परत करावी लागते.”

“मग भाऊजी,” काकी आत येत म्हणाली, “ठेवीची पावती दाखवा.”

सारे घर हसले. या हसण्यात काकी सर्वांत पुढे होती, आणि हरलेले दीरही मागे नव्हते. धाकट्या नातवाने बराच विचार केला आणि म्हटले, “पण काकी, उज्झिका खरं बोलली.” ही गोष्ट त्याला कोणी समजावून सांगितली नव्हती. दादी गप्प राहिल्या. ज्या उत्तरासाठी दुसऱ्या एखाद्या सांगणाऱ्याने तात्पर्याची दोन वाक्ये जोडली असती, ते मुलानेच दिले होते. जसे हत्ती मेला हे शेवटी राजाच्याच तोंडून निघाले होते.

कथेचा निकाल दादींनी बदलला नाही. घराचा कारभार रोहिणीकडेच गेला आणि भाताच्या गाड्या दारात येऊन उभ्या राहिल्या, कारण जे पेरले ते वाढले हा त्या कथेचा प्राण आहे आणि विनोदासाठी त्याला हात लावता येत नाही. जमा बाजूची रक्कम होती तशीच राहिली. बदलले ते हसू कोणाच्या नावे लिहायचे एवढेच. लहान मुलांना जुन्या गोष्टी हसवून सांगणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ही एक नोंद असते. ती दुबळ्याच्या नावे पडली, तर दुसऱ्या दिवशी एखाद्याला घरात नवे टोपणनाव मिळते. बलवानाच्या, लोभ्याच्या, अडेलतट्टूच्या, किंवा सांगणाऱ्याच्या स्वतःच्या नावे पडली, तर त्याच खोलीत सर्वांना बसण्याइतकी जागा होते. सत्यव्रताच्या भावनांत ज्या हास्याचा त्याग सांगितला आहे, त्याचा एक अर्थ घरगुती पातळीवर असाही असू शकतो: ज्याच्या बदल्यात कोणाला तरी खोली सोडून जावे लागते, ते हसू सोडावे.

पुढे त्या घरात रोहिणीची कथा एका बैठकीत कधीच संपली नाही. प्रत्येक वेळी पाचव्या वर्षाच्या वसुलीपाशी गोष्ट अडते, धन्य शेठतर्फे धाकटे दीर उभे राहतात, सुनांची वकिली मोठी काकी करते, आणि पाच दाण्यांचा तो जुना वाद झोपेची वेळ होईपर्यंत चालतो.